पत्रे विकलेत, धुळीचं सांगितलं नाहीत

राजूर (कॉलरी),
ता. वणी, जि. यवतमाळ

सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यांच्या मालकांस,


माझे बाबा तुमचे पत्रे लोकांच्या घरांवर चढवायचे. तुमच्यापैकी कोणाच्याच कारखान्यात ते कामाला नव्हते, त्यामुळे तुमच्या हजेरीपटावर त्यांचं नाव सापडणार नाही. राजूर, वणी, मारेगाव, झरी या बाजूला घर, गोठा, जिनिंगचं गोदाम, शाळेचा वऱ्हांडा असं जिथे छप्पर घालायचं असेल तिथे त्यांना बोलावणं यायचं. ‘पत्रेवाले मिस्त्री’ म्हणून त्यांना ओळखत. फुप्फुसाच्या आजारानं ते गेले. कुठल्याही कंपनीचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. बाबांनी जन्मभर एकाच कंपनीचा माल लावला नाही. वणीच्या दुकानात जो ट्रक उतरला, त्यातले पत्रे त्यांनी लावले. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून आहे.

राजूरला धुळीचं नवल नाही. गावाचं नावच कॉलरीवरून ओळखलं जातं. कोळशानं अंगण काळं होतं आणि चुन्याच्या भट्ट्यांनी झाडं पांढरी. भट्टीवरच्या बाया डोळे चोळत घरी येतात, खाणीतून निवृत्त झालेले म्हातारे ओट्यावर बसून धापा टाकतात. इथे कोणी खोकला तर कशानं खोकतो, असं कोणी विचारत नाही. कोळसा असेल, चुना असेल, बिडी असेल. या दोन उघड धुळींच्या आड तुमची तिसरी धूळ लपून गेली. कोळशाची धूळ दिसते. चुना हाताला चटका देतो. तुमच्या पत्र्याची धूळ सिमेंटसारखी राखाडी, नाकाला वास नाही, डोळ्याला आग नाही. त्यातले धागे केसाहून कितीतरी पटींनी बारीक. बाबा म्हणायचे, “सिमेंटच त् आहे, आंघोळ केली की जाते.”

आमच्याकडे पूर्वी घरांवर कवेलू असायची. ती वानरं फोडून टाकत. दर उन्हाळ्यात छप्पर परतवायचं म्हणजे मजूर लावायचे, तुटलेली कवेलू बदलायची, आणि तरीही पहिल्या पावसात खाली भांडी मांडायची. टिनाचा पत्रा मे महिन्यात नुसता पेटतो. आमच्या भागात उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तुमचा पत्रा टिनाहून कमी तापायचा, स्वस्त होता, गंजत नव्हता. गरीब माणसाला तो परवडला. मी खोटं बोलणार नाही, त्या पत्र्यानं आमच्या गावाला सावली दिली. आमच्याही घरावर तोच आहे, आणि या पत्राचं उत्तर येईल तेव्हाही तोच असेल.

माझी तक्रार सावलीबद्दल नाही. पत्रा लावताना काय करायचं आणि काय नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. ते बाबांना सांगितलं गेलं नाही, हे माझं दुःख आहे.

बाबा पत्रे कसे कापत, ते सांगते. आधी हातकरवतीनं कापत. मग विजेचं कटर आलं. पत्रा दोन दगडांवर आडवा टाकायचा, खडूनं रेघ मारायची, त्यावर पाय देऊन उभं राहायचं आणि कटर फिरवायचं. एका मिनिटात माणूस दिसेनासा व्हायचा, एवढा धुराळा उठायचा. जे-हुक घालायची भोकंही आधी गिरमिटानं पाडत, नंतर मशीननं, तीही शिडीवर उभं राहून, डोक्याच्या वर, म्हणजे भोकातला भुगा थेट तोंडावर. तोंडाला गमछा असायचा. संध्याकाळी घरी आले की पोरं पायाला बिलगायची, कारण खिशात चिवडा असायचा. आई त्यांचे कपडे अंगणात झटकायची, मग दगडावर आपटून धुवायची. मी बाजूला बसून तिला कपडे द्यायची. उरलेल्या तुकड्यांचं आम्ही काहीही वाया घालवलं नाही. न्हाणीला आडोसा केला, चुलीमागे उभा केला, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. ज्याचं काहीच होत नव्हतं ते फोडून दारासमोरच्या चिखलात भरलं. त्यावरून बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले, आम्ही अनवाणी गेलो.

पत्र्याच्या कडेला इंग्रजीत छोट्या अक्षरांचा ठसा असायचा. बाबा चौथी शिकलेले. त्यांना तो कंपनीचा शिक्का वाटे.

तुमच्या या पत्र्यांसाठी भारतीय मानक संस्थेनं नियमावली काढलेली आहे. भारतीय मानक ११७६९, भाग १, वर्ष १९८७. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा माल सुरक्षितपणे कसा हाताळावा, याचीच ती पुस्तिका. धूळ कमी उडेल अशी हातची अवजारं वापरा, ओलं करून कापा, भुगा उडू देऊ नका, असा त्यातला उपदेश. १९८७ साली बाबांचे हात मजबूत होते, कामं जोरात होती. ती पुस्तिका दिल्लीत छापली गेली आणि पत्रा राजूरला आला. दोघांची भेट झाली नाही. पत्रा तुमच्या ट्रकमधून आला ना? मग त्याच ट्रकमधून एक मराठी कागद यायला काय हरकत होती?

दम पहिल्यांदा लागला तेव्हा बाबा साठीच्या आतले होते. शिडीच्या मध्यावर थांबायला लागले. नंतर कोरडा खोकला, रात्रीचा. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी क्षयाची औषधं सुरू झाली. एक्सरेवर काहीतरी दिसतं आणि आमच्याकडे क्षय खूप आहे, म्हणून. पूर्ण कोर्स झाला, फरक नाही. कोणी दमा म्हटलं, कोणी बिडी सोडा म्हटलं. बाबांनी बिडी सोडली. मग कोणीतरी गूळ खायला सांगितला, धूळ उतरते म्हणून. बाबा रोज गूळ-शेंगदाणे खायचे आणि श्रद्धेनं खायचे. कुठल्याही दवाखान्याला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ज्यानं त्यानं आपल्या परीनं केलं.

फार उशिरा एका तरुण डॉक्टरणीनं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, “काका, आयुष्यभर काम काय केलं?” बाबांनी सांगितलं. तिनं पाठीला अगदी खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. बोटांची नखं पाहिली. मग छातीचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसांच्या तळाशी ताठर जाळी धरलेली आणि आवरणावर कॅल्शियम साचलेले चट्टे. तिनं आजाराचं नाव सांगितलं, ॲस्बेस्टॉसिस. पुढे असंही सांगितलं की हे भरून येत नाही, आपण फक्त त्रास कमी करू शकतो. बाबांनी तिला विचारलं, “सिमेंटमध्ये काय टाकतात ते?” ज्या मालावर पोट चाललं त्यात काय आहे, ते त्यांना आजाराबरोबर कळलं.

त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर श्वास बंद पडल्याचं लिहिलं आहे. कशामुळे, ते लिहिलेलं नाही.

ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं माणूस मरतो, हे ज्ञान नवं नव्हतं. इंग्लंडमधल्या रॉचडेलला टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम करणारी नेली कर्शॉ १९२४ साली वारली. तिच्या फुप्फुसातले धागे डॉ. कुक यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. तिच्या नवऱ्याला कंपनीनं दफनाचा खर्चही दिला नाही. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्या चौकशी अहवालानं गिरणीतल्या धुळीचा आणि आजाराचा संबंध स्पष्ट केला आणि पुढच्याच वर्षी तिथे नियम आले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या कॅन्सरचे तेहतीस रुग्ण नोंदवले. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. त्या तेहतीसांत असेही लोक होते ज्यांनी खाणीत एक दिवस काम केलं नव्हतं, ते फक्त खाणीच्या आसपास राहत होते. १९६५ मध्ये लंडनला न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी तोच आजार अशा बायकांत दाखवला, ज्यांनी फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते.

ते वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. माझ्या आईनं किती कपडे झटकले असतील, ते मोजता येणार नाही.

आपल्या देशातही हे झाकलेलं नव्हतं. मुंबईत घाटकोपरला ब्रेकचं अस्तर बनवणाऱ्या कारखान्यात त्याच टर्नर घराण्यातल्या ब्रिटिश कंपनीचा हिस्सा होता. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांना तपासून २००५ मध्ये निष्कर्ष छापले. पाचांतल्या एकाहून जास्त कामगारांना ॲस्बेस्टॉसिस होता. पुढे घाटकोपरच्या काही कामगारांना त्या ब्रिटिश कंपनीच्या भरपाई निधीतून पैसेही मिळाले. त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. पण तो लढा उभा राहू शकला, कारण त्यांच्याकडे कारखान्याचं फाटक होतं, पगारपत्रक होतं, विम्याचं कार्ड होतं. राजूरच्या मिस्त्र्याकडे करवत आणि शिडी होती.

सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ ला निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर ठेवावी आणि आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. चाळीस वर्षांचा आकडा न्यायालयानं उगाच धरला नाही. धूळ आज छातीत जाते आणि आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर ठेकेदार मेलेला असतो, दुकान बंद झालेलं असतं, पावती वाळवीनं खाल्लेली असते. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस होता, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमाही होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यावसायिक आजारांची ती यादी आली. पण हे सगळे कायदे आधी विचारतात, तुमचा मालक कोण? बाबांचा मालक रोज बदलायचा. ज्या विधवेच्या घरावर त्यांनी चार पत्रे टाकून दिले, ती काय त्यांची मालक? तिच्याकडून मी भरपाई मागू? मालकासारखं त्यांच्या आयुष्यभर सोबत कोणी असेल, तर तो तुमचा पत्रा होता.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. आपल्या सरकारनं १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं आणि १९९३ पासून जुन्या पट्ट्यांचं नूतनीकरणही बंद केलं. जमिनीतून काढणं धोक्याचं, हे मान्य झालं. मग रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून जहाजं भरून तोच माल आणून आमच्या डोक्यावर कापणं कसं चालतं? कॅनडानं वर्षानुवर्षं आपल्याला तो विकला, स्वतःच्या संसद भवनातून मात्र काढून टाकला; २०१८ मध्ये तिथे बंदी आली. ब्रिटननं १९९९ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघानं २००५ मध्ये, अमेरिकेनं उरलासुरला क्रायसोटाइल २०२४ मध्ये बंद करायचं ठरवलं. क्रायसोटाइल म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस, तुमच्या पत्र्यातलं. ते निर्धोक आहे, असं तुमच्या बाजूनं सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सांगते की ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो, पांढऱ्यानंही. रॉटरडॅम कराराच्या धोकादायक पदार्थांच्या यादीत ते घालायला २०११ मध्ये भारतानं होकार दिला होता, २०१३ मध्ये तो मागे घेतला. त्या यादीत नाव आलं असतं तरी बंदी येणार नव्हती. माल पाठवण्याआधी धोका कळवून घेणाऱ्या देशाची संमती घ्यावी लागली असती, एवढंच. एवढंही नको झालं.

तुम्ही म्हणाल, धागे सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. बरोबर आहे. छपरावरचा अखंड पत्रा कोणाला मारत नाही, हे मीही गावात सांगत फिरते, कारण लोक घाबरून तो फोडायला निघतात आणि फोडतानाच जास्त धूळ खातात. पण अखंड पत्रा घरावर बसतो कसा? कोणीतरी कापतो, भोकं पाडतो, तेव्हा. मे महिन्याच्या वादळात तो फुटतो. वानर उड्या मारतं तेव्हा फुटतो. वीस-पंचवीस पावसाळ्यांनी वरचं सिमेंट झिजून पत्रा भुसभुशीत होतो. तुमचं बरोबर असणं फक्त कागदावरच्या पत्र्याला लागू आहे.

तुम्ही जे सांगायला हवं होतं ते आता मी सांगते. हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्या मिस्त्र्यांनी, त्यांच्या बायकांनी आणि पोरांनी पुढचं नीट वाचावं.

एखाद्या दिवशी पत्रा फुटला, थोडी धूळ नाकात गेली, म्हणून जीव घाबरा करू नका. एका वेळेच्या थोड्या धुळीनं आजार होण्याची शक्यता फार कमी असते. धोका वर्षानुवर्षं, रोज, खूप धूळ खाणाऱ्याला जास्त. पण जितकी धूळ कमी तितकं बरं, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. धूळ उडालीच, तर कोरडा झाडू अजिबात मारायचा नाही, पंखा लावायचा नाही. पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि ते फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचं. अंगावरचे कपडे झटकायचे नाहीत. आहेत तिथेच ओले करून उतरवायचे, वेगळे धुवायचे, पोरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. अंग आणि केस धुवूनच घरात यायचं, मग लेकरांना जवळ घ्यायचं.

पत्रा काढायचाच असेल तर आधी भिजवायचा, बोल्ट सोडवायचे, अख्खा खाली उतरवायचा. वरून फेकायचा नाही, हातोडा मारायचा नाही, विजेचं कटर तर लावायचंच नाही. गमछा किंवा कापडी मास्क हे धागे अडवत नाही. साधा एन-९५ देखील या कामाला पुरेसा मानत नाहीत. पी-१०० किंवा एफएफपी-३ लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. फुटके तुकडे रस्त्यात भरू नका, आम्ही भरले तसे. ते टाकायचे कुठे, हे मला विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही. घातक कचऱ्याची जागा बुटीबोरीला आहे, आणि राजूरचा माणूस चार फुटके पत्रे घेऊन नागपूरजवळपर्यंत जाणार नाही. तोवर ओल्या गोणपाटात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, लेकरांना तिथे खेळू देऊ नका.

ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं, त्यांनी आज एक वही घ्या. कुठल्या साली काम सुरू केलं, कुठे कुठे केलं, कोणाबरोबर, करवतीनं की मशीननं, घरी कपडे कोण धुवायचं, सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून लिहून घ्या. सोबत काम केलेले दोन जण अजून असतील तर त्यांची सही घ्या. ठेकेदाराची चिठ्ठी, दुकानाची पावती, कामावरचा जुना फोटो, जे असेल ते जपा. दवाखान्यात गेलात की तापाच्या आधी कामाचं सांगा, आणि केसपेपरवर ते लिहून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा. बाबांच्या बाबतीत सगळं उलगडलं ते त्या एका प्रश्नानं, आणि तो कित्येक वर्षं उशिरा आला.

तपासणी म्हणजे छातीचा एक्सरे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी. गरज वाटली तर डॉक्टर बारीक छेदांचा सीटी स्कॅन सांगतील. आपण होऊन दरवर्षी स्कॅन काढत बसू नये. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं मेडिकल इथपर्यंत आपल्याला जाता येतं. आज एक्सरे स्वच्छ निघाला म्हणून वही फेकू नका. हा आजार वाट पाहतो. दम वाढला, छातीत दुखायला लागलं, बेडक्यात रक्त आलं, वजन उतरलं, छातीत पाणी झालं असं कोणी म्हटलं, तर त्याच आठवड्यात वही घेऊन जा. छातीतलं पाणी दरवेळी क्षयाचंच असतं, असं नाही.

छातीत गेलेले धागे बाहेर काढणारं औषध नाही. गूळ पोटात जातो, फुप्फुसात जात नाही. दूध, केळी, काढे यांचंही तेच. पण एक गोष्ट हातात आहे आणि ती फार मोठी आहे, बिडी-सिगारेट. अमेरिकेत हॅमंड आणि सेलिकॉफ यांनी ॲस्बेस्टॉस लावणारे हजारो कामगार अभ्यासले. नुसत्या ॲस्बेस्टॉसनं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पाचपट, नुसत्या सिगारेटनं दहापट, दोन्ही एकत्र आले की पन्नासपटीच्या घरात. ज्यानं धूळ खाल्ली आहे त्यानं बिडी सोडणं हे कुठल्याही गोळीहून मोठं औषध आहे. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. अशक्त फुप्फुसाला साधा न्यूमोनियाही जड जातो. मिस्त्रीकाम चालू असेल तर बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. त्यानं आजार बरा होणार नाही, पण तुम्ही काय काम करत होतात, याचा सरकारी कागद तरी तयार होईल.

मालक लोकहो, एवढंच होतं. दोन पानं भरली नसती. वीस-बावीस वर्षांपूर्वी ही दोन पानं बाबांच्या हातात पडली असती, तर त्यांनी कटर विकत घेतलं नसतं. फार कष्टानं घेतलं होतं. आईनं कपडे झटकले नसते.

आता आईचा एक्सरे काढला आहे. आवरणावर चट्टा आहे, दम नाही. चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. तिला मी तेवढंच सांगितलं. माझाही एक्सरे काढला, तो स्वच्छ आहे. माझ्या भावानं बाबांची करवत घेतली नाही, तो वणीला मोबाईलच्या दुकानात आहे. पण बाबांच्या हाताखाली शिकलेली पोरं आजही तुमचेच पत्रे कापतात, त्याच मशीननं, तोंडाला गमछा बांधून. मी त्यांना ओरडले तर म्हणतात, “ताई, कंपनीच विकून राहिली ना, धोका असता तर विकली असती का?” त्यांचा तुमच्यावर एवढा विश्वास आहे.

म्हणून मागते. प्रत्येक पत्र्यावर, ठळक, मराठीत, चित्रासह लिहा की हा कोरडा कापू नये, धूळ प्राणघातक आहे. प्रत्येक दुकानात प्रत्येक गाडीबरोबर वरच्यासारखं पत्रक द्या. फुटके पत्रे गावातून उचलून नेण्याची जबाबदारी तुमची, कारण माल तुमचा. तालुक्यातल्या पत्रेवाल्या मिस्त्र्यांची आणि त्यांच्या बायकांची यादी करून तपासणीचा खर्च उचला. राजस्थाननं २०१९ मध्ये धुळीच्या आजारांसाठी धोरण केलं, त्यात सिलिकोसिसबरोबर बाकीचे आजारही घेतले आणि मालक सापडत नाही म्हणून माणसाला परत पाठवलं नाही. महाराष्ट्रातही असा मार्ग निघावा, आणि त्यात पैसा तुम्ही घाला. ॲस्बेस्टॉसशिवायचे पत्रे आज बनतात, तुमच्यातल्याच काहींनी ते बाजारात आणलेत. मग ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवणं थांबवायची तारीख सांगा. वर्ष सांगितलंत तरी चालेल.

उत्तर मला एकटीला पाठवू नका. सरपंच, ग्रामपंचायत राजूर, तालुका वणी, या पत्त्यावर पाठवा. मराठीत पाठवा. येत्या ग्रामसभेत ते वाचून दाखवायचं आहे.

आपली,
राजूरच्या पत्रेवाल्या मिस्त्रीची मुलगी